सुलतानपूरजवळचा उलटा डोंगर

दोस्ता, एक कोडं घालू?

असा कुठला डोंगर आहे, जो चढायचा नसतो, उतरायचा असतो? बाकीच्या डोंगरांवर टोकाला पोचलं की डोंगर संपतो. इथे टोकाला पोचलं की डोंगर सुरू होतो!

सुटलं का कोडं? नाही? मग चल माझ्याबरोबर. डबा घे, पाण्याची मोठी बाटली घे, डोक्यावर टोपी घाल. आपण निघालोय बुलढाणा जिल्ह्यातल्या सुलतानपूरहून. लोणार तालुक्यातलं हे गाव. इथून लोणार इतकं जवळ, की एसटीत बसून शेंगदाण्याची पुडी उघडलीस तर ती संपता संपता उतरायची वेळ होईल!

खिडकीतून बघ. काळी माती. सोयाबीन, तूर, कपाशी. इकडे शेताला म्हणतात वावर आणि बांधाला म्हणतात धुरा. त्या धुऱ्यावर कोण उभंय? काटेरी, बारीक पानांची बाभूळ! आणि तिच्यापलीकडे? हातभर लांब पानांचा साग!

सागाची एक गंमत सांगू? कधी धुऱ्यावरच्या सागाचं कोवळं पान मिळालं तर ते तळहातावर घे. जोरात चोळ. आता मूठ उघड. हात लाल! मेंदी नाही, रंग नाही, नुसतं हिरवं पान चोळलं आणि हात लालेलाल!

पण आता विचार कर. एकाच धुऱ्यावर दोन झाडं. एकाचं पान जेवायच्या ताटाएवढं. दुसऱ्याची पानं तुझ्या करंगळीच्या नखाहून लहान. असं का बरं? हा प्रश्न खिशात ठेव. खाली गेल्यावर लागणार आहे.

आलं लोणार! चल, कडेला उभे राहू.

बापरे! पायाखाली एक प्रचंड वाटी! जणू कुणी महाकाय आज्जीने जमिनीत परात दाबली आणि उचलून घेतली. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. खोली सुमारे १३७ मीटर. म्हणजे पंचेचाळीस मजली इमारत आत ठेवली तरी तिची गच्ची आपल्या पायाशी येईल! तळाशी गोल तळं, सव्वा किलोमीटरभर रुंद.

हे कुणी खणलं? आकाशातून आलेल्या एका अशनीनं! एक दगड, पण इतक्या वेगानं आदळलेला, की आपल्या काळ्या कातळाला, म्हणजे बेसाल्टला, एवढा खड्डा पडला. बेसाल्टमधले असे खड्डे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. आणि त्यातला एक तुझ्या तालुक्यात!

पण आज मला तुला दगड दाखवायचा नाहीये. आज झाडं बघायची. नीट बघ. काय दिसतंय?

कडी! झाडांची कडी! कांदा आडवा चिरल्यावर एकात एक गोल दिसतात ना, अगदी तशी. लोणारच्या जुन्या वर्णनात लिहिलंय, की तळ्याभोवती बाहेरून आत येताना आधी शिंदीच्या झाडांचं कडं, मग चिंचेचं कडं, मग बाभळीचं कडं, आणि त्याच्या आत नुसता उघडा चिखल. तिथे झाड नाही, झुडूप नाही, काही नाही. आज ती कडी तेव्हाइतकी आखीव राहिलेली नाहीत. बरीच सरमिसळ झालीय. तरी उतारावरची झाडी वेगळी आणि काठावरची वेगळी, हे अजूनही दिसतं.

झाडांना असं गोलात उभं कुणी केलं? शाळेत पीटीच्या तासाला सर शिट्टी वाजवतात आणि आपण उंचीप्रमाणे उभे राहतो. इथे शिट्टी कुणी वाजवली?

हाच प्रश्न एका माणसाला फार पूर्वी पडला होता. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट त्याचं नाव. १८०२ सालच्या जून महिन्यात तो दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो नावाच्या ज्वालामुखीवर चढत होता. हा डोंगर ६,२६३ मीटर उंच. म्हणजे आपल्या कळसूबाईवर दुसरी कळसूबाई, तिच्यावर तिसरी, आणि वर जवळजवळ चौथी ठेवायची! हुम्बोल्टला शेवटपर्यंत जाता आलं नाही. पण वाटेत त्याने काय बघितलं, सांगू? खाली गरम भागात ताडा-माडाची भावंडं. मग थोडं वर वेगळीच जंगलं. मग झुडपं. मग नुसतं गवत. आणि बर्फाच्या जवळ दगडावर चिकटलेलं दगडफूल. तेच दगडफूल, जे आपल्या गोड्या मसाल्यात पडतं, त्याचे भाऊबंद!

म्हणजे डोंगर हा एक जिना आणि झाडं म्हणजे वेगवेगळ्या मजल्यांवरचे भाडेकरू! हुम्बोल्टने मग डोंगराचं एक भलंमोठं चित्र केलं. डोंगर कापल्यासारखा दाखवला आणि त्यावर ज्या झाडाचं जे घर, तिथे त्या झाडाचं नाव लिहिलं. कुठलं झाड कुठे राहतं आणि का राहतं, हे शोधणाऱ्या शास्त्राला वनस्पती-भूगोल म्हणतात. झाडांचं पोस्ट खातंच म्हण ना! प्रत्येकाचा पत्ता शोधायचा.

आपल्या हिमालयातही असाच जिना आहे. पायथ्याशी साल. वर चीड. त्याच्या वर देवदार. मग भूर्ज, ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत. आणि मग गवत आणि बर्फ.

डोंगरावर शिट्टी वाजवते ती थंडी. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. आता तूच गणित कर. लोणारला आपण उतरणार किती? १३७ मीटर. म्हणजे फरक पडेल किती? जेमतेम एक अंश!

एका अंशानं काय होतंय? तेवढा फरक तर स्वयंपाकघर आणि ओसरीतही असतो. म्हणजे इथे शिट्टी थंडीने वाजवलेली नाही. मग कुणी?

चल, उतरून बघू.

पायऱ्या जपून हं. आधी भेटते ती धार. कड्यातून पाणी येतंय आणि ते गोड आहे! गोड म्हणजे साखरेसारखं नाही, पिण्याचं पाणी जसं असतं तसं. उन्हाळ्यात आसपासची विहीर तळ गाठते, पण धार चालूच. पूर्वी अशा झऱ्यांच्या पाण्यावर या खड्ड्यात चक्क केळी लावायचे लोक! एवढ्या तापलेल्या मुलखात केळी! जिथे पाणी झिरपतं तिथे हिरवं, आणि दहा पावलं बाजूला गेलं की कोरडं ठाक.

उतारावर साग भेटतो. उन्हाळ्यात आलास तर तुला वाटेल, मेलंच की हे सगळं रान! एक पान नाही. नुसते खराटे उभे. पण झाड मेलेलं नाही. त्याला लागलीय उन्हाळ्याची सुट्टी! पानातून पाणी सारखं वाफ होऊन उडत असतं. मोठं पान म्हणजे मोठी गळती. मग साग काय करतो? नळच बंद! सगळी पानं गाळून टाकतो आणि पावसाची वाट बघत बसतो. शाळा सुरू व्हायची वेळ आणि सागाला पानं फुटायची वेळ जवळजवळ एकच.

आता खिशातला प्रश्न काढ. बाभळीची पानं एवढी बारीक का?

घरी एक प्रयोग कर. दोन सारखे पंचे ओले कर. एक दोरीवर पसर. दुसऱ्याचा बोळा करून ठेव. कुठला आधी वाळेल? पसरलेला! त्याला ऊन-वारा भरपूर लागतो. बाभळीने आपलं पान पसरलंच नाही. चिमुकल्या तुकड्यांत वाटून टाकलं. म्हणून साग सुट्टीवर गेला तरी बाभूळ हिरवी राहू शकते. आणि निवडुंगाने तर कमालच केली. त्याच्या पानांचे झाले काटे आणि जेवण बनवायचं काम घेतलं हिरव्या खोडाने! शिवाय तो पानावरची, नव्हे खोडावरची बारीक छिद्रं दिवसा घट्ट मिटून घेतो. उघडतो कधी? रात्री! गारव्यात. दुपारी दारं-खिडक्या लावून घेणारी आजी आणि निवडुंग, दोघं एकाच शाळेत शिकलेत.

आणखी खाली चल. चिंचा! सीताफळं! तोंडाला पाणी सुटलं ना? पण हे अभयारण्य आहे, २००० सालापासून. इथलं काही तोडायचं नाही. डोळ्यांनी खा.

आणि एक गुपित ऐक. चिंच आपली नाही! म्हणजे आता आपलीच, पण मूळची ती आफ्रिकेची. आणि सीताफळ? नाव सीतेचं, पण माहेर अमेरिकेत! समुद्र ओलांडून आलं बिचारं. ज्या झाडाखाली तू गोट्या खेळतोस तेच पाहुणं निघालं! फक्त हे पाहुणे इतक्या जुन्या काळी आले आणि इतके गुण्यागोविंदाने राहिले, की कुणाला आठवतच नाही.

सगळेच पाहुणे असे नसतात. तो बघ काटेरी गचपणा. बाभळीसारखा दिसतो, पण बाभूळ नव्हे. ही वेडी बाभूळ. हीसुद्धा अमेरिकेतून आलेली. दीडशे वर्षांपूर्वी उजाड जमिनीवर हिरवळ व्हावी, सरपण मिळावं म्हणून तिला भारतात आणलं. तिच्या शेंगा गोडसर. शेळ्या आवडीने खातात. बिया पोटातून तशाच बाहेर पडतात, खतासकट! मग काय, जिकडे शेळी तिकडे वेडी बाभूळ. लोणारच्या तळ्याभोवती तिने इतकी दाटी केली, की मूळच्या झाडांना उभं राहायला जागा उरेना. म्हणून आता तिला तिथून काढायचं काम हाती घेतलंय. मला विचारशील तर हे फार आधी व्हायला हवं होतं.

पण तिची जिद्द बघायचीय? तिच्या एका सख्ख्या भावंडाची मुळं अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात एका खाणीत सापडली. किती खोल? अंदाज कर. विहिरीएवढी? दोन विहिरींएवढी? तब्बल ५३ मीटर! सतरा मजले खाली जाऊन पाणी पिणारं झाड!

आणि आता आपण पोचलो तळाशी. जवळच कमळजादेवीचं देऊळ. समोर तळं. पाणीच पाणी!

इथे तर झाडांची चंगळ असायला हवी. हो ना? वर कड्यावर तहानलेली होती, इथे ढकलाढकली करून पाण्यापाशी उभी राहायला हवीत. पण बघ! अगदी काठाशी एकही झाड नाही. नुसता उघडा चिखल आणि त्याच्यावर पांढरट पापुद्रा.

पाण्याच्या काठावर वाळवंट! आहे की नाही अजब?

उत्तर तुझ्या स्वयंपाकघरात आहे. आई लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवते. थोड्या वेळाने बघितलं तर भांड्यात पाणी! ते कुठून आलं? कैरीतून! बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर पळतं. मुळांचंही तसंच. बाहेरचं पाणी फार खारट असेल तर मुळं ते ओढून घेऊ शकत नाहीत. उलट जवळ आहे तेही जायची भीती! म्हणजे पाण्यात पाय सोडून बसायचं आणि तहानेनं सुकायचं!

लोणार या नावातच मीठ आहे बरं का. लवण म्हणजे मीठ. लवणावरून लोण, आणि लोणावरून लोणार. तुझं लोणचंसुद्धा त्याच घरातलं! (लोणी मात्र नाही. ते नवनीत या शब्दावरून आलंय. मला लहानपणी वाटायचं, तेही खारटच असायला हवं.)

पण इथे एवढं मीठ साठलं कसं? गंमत अशी, की या वाटीला पाणी आत यायच्या वाटा आहेत, बाहेर जायची एकही नाही! पावसाचे ओहोळ येतात, झरे येतात, येताना दगड-मातीतले क्षार थोडे थोडे घेऊन येतात. मग ऊन पाण्याची वाफ करतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पातेल्यात खारं पाणी उकळत ठेव, आटलं की बुडाशी पांढरं दिसतं ना? लोणारचं पातेलं हजारो वर्षं चुलीवर आहे!

आणि त्यात नुसतं मीठ नाही, सोडाही आहे. लिंबाच्या अगदी उलट स्वभाव. हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो, बघितलंयस ना? या तळ्याचं पाणीही हळदीला तसंच लाल करेल! अकबर बादशहाच्या काळात लिहिलेल्या ऐन-ए-अकबरीतही इथल्या खाराची नोंद आहे. साबण आणि काच करायला उपयोगी, असं म्हटलंय.

तर शिट्टी वाजवणारा सापडला! थंडी नव्हे. पाणी आणि मीठ. गोड्या झऱ्याजवळ कोण, कोरड्या उतारावर कोण, आणि खाऱ्या काठाच्या किती जवळ कोण यायचं, हे सगळं त्यांनी ठरवलं.

आणि बघ, तहान किती तऱ्हांची असते! राजस्थानात जैसलमेरला वर्षभरात जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथली तहान साधी. पाणीच नाही. लडाखमध्ये लेहला तर त्याहून कमी, शंभरेक मिलिमीटर. तिथे बर्फ दिसतो, पण बर्फ पिणार कसा? कुल्फी कडक गोठली की काडीसुद्धा घुसत नाही ना? गोठलेलं पाणी मुळांना मिळतच नाही. म्हणून तिथली कितीतरी झाडं अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी जमिनीला बिलगून बसतात. वाऱ्याने आणखी सुकायला नको! आणि लोणारला पाणी समोर भरलेलं, पण खारट. वाळू पाहिजेच असं नाही, दोस्ता. वाळवंट बर्फातही असतं आणि तळ्याच्या काठीही असतं.

खारट जमिनीलाही न घाबरणारी एक छोटीशी वनस्पती आहे. नाव रुदंती. रुदंती म्हणजे रडणारी! तिने मीठ आत घेतलं तरी ती ते पानांवरून बाहेर टाकते. पानांवर खारे थेंब दिसतात. म्हणून रडणारी! पण मला तर ती मुळीच रडकी वाटत नाही. जिथे चिंच आणि साग माघार घेतात तिथे ही वीतभर पोर ठाण मांडून बसते!

बरं, काठावर झाड नाही म्हणजे तळं मेलेलं का? छे! पाण्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव आहेत. त्यातल्या काहींमुळे पाणी हिरवं दिसतं. आणि २०२० च्या जून महिन्यात काय झालं, आठवतंय का कुणी सांगितलेलं? अख्खं तळं गुलाबी! स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं! पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठावर प्रेम करणारे सूक्ष्मजीव फोफावले. त्यांच्या अंगातच गुलाबी रंग! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून हे सांगितलं.

आणि आता सगळ्यात मोठी गंमत. आघारकर कोण, माहितीय? शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म १८८४, मालवण. समुद्राकाठचा, माडांच्या सावलीतला मुलगा. आणि मोठा होऊन त्याने अभ्यास कशाचा केला? कोरड्या मुलखातल्या वनस्पतींचा! १९१४ मध्ये ते जर्मनीला गेले आणि तिथे असतानाच पहिलं महायुद्ध पेटलं. परक्या देशात त्यांना अडकवून ठेवलं. सुटका झाल्यावर त्यांनी अभ्यास पुरा केला आणि १९१९ मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट मिळवली. विषय होता, भारताच्या वायव्येकडच्या कोरड्या भागातल्या वनस्पती आपल्या बिया दूर दूर पसरवतात कशा! पुढे १९४६ मध्ये त्यांनी पुण्यात संशोधन संस्था उभी केली. तीच ही संस्था. १९९२ पासून ती त्यांचं नाव लावते.

झाडांना पाय नाहीत. तरी ती नव्या पत्त्यावर जातात. कशी? तुझ्या मोज्यांना विचार! हिवाळ्यात माळावरून चालून आलास की मोज्यात कुसळं घुसलेली असतात. एक कुसळ काढ. त्याची शेपटी बघ. सुतळीसारखी पीळ घातलेली! आता तळहातावर थोडं पाणी घे आणि कुसळ त्यावर ठेव. हलू नकोस. बघत राहा...

फिरलं! आपोआप! भिजली की शेपटी पीळ सोडते आणि गोल गोल फिरते. वाळली की पुन्हा पीळ घालते. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं, असं करत टोकदार बी स्क्रूसारखं जमिनीत शिरतं. ना मोटार, ना बॅटरी! मी हे कितीदा तरी करून बघितलंय आणि दरवेळी तोंडातून "अरे!" निघतोच.

आणि म्हातारी? ती तर तू शंभरदा पकडली असशील! मारुतीला जिच्या पानांचा हार घालतात त्या रुईचं बोंड फुटतं आणि आतून रेशमी केसांच्या छत्र्या बाहेर पडतात. प्रत्येक छत्रीला खाली एक चपटं तपकिरी बी. (रुईचा चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नकोस हं, वाईट असतो.) याच रुईची एक जात अशा छत्र्या उडवत आफ्रिकेच्या वाळवंटांपासून राजस्थानपर्यंत पसरलीय.

चल, पुन्हा वर आलो. दमलास? बस या दगडावर. पाणी पी. आणि ही घे. येताना एका सुकल्या बोंडाजवळ पडलेली मिळाली. एकच म्हातारी. तळहातावर धर. खड्ड्याकडे तोंड कर.

फूऽऽऽ!

गेली! सागाच्या खराट्यांवरून गेली. आता चिंचांच्या वर. खाली जातेय... वेड्या बाभळीच्या गचपणाकडे जातेय. कुठे उतरेल? मी म्हणते चिंचेखाली. तू सांग. काठावरच्या पांढऱ्या चिखलात पडली तर पंचाईत... 

थांब, थांब! खालून वारा आला. उठली परत वर!

ती बघ, सुलतानपूरच्या दिशेने निघाली!